दक्षिणेकडची दाढ

वसमत, ५ जानेवारी १९७६

नव्या वर्षात रोज लिहायचे ठरवले होते. संकल्प यंदाही उशिरा उठला.

आज डॉ. गुलाबचंद घरी आले. गावातले एकुलते एक दंतवैद्य; त्यामुळे चांगले की वाईट हा प्रश्न उद्भवत नाही. धर्मार्थ दवाखान्यात त्यांनी मुलींचा वर्ग चालवला आहे. दंतवैद्याच्या बाजूला उभे राहून त्याला मदत कशी करायची, हे तिथे शिकवतात. फेब्रुवारीत औरंगाबादहून परीक्षक येणार. पास होईल तिला सरकारी दवाखान्यात नोकरी. संस्थेची अट अशी, की शिकवणे मराठीतून हवे. डॉक्टरांचे मराठी बाजारात हळदीचा भाव विचारण्यापुरते.

"पंडितजी, तुम्ही अखबारवाले बी, संस्कृतवाले बी. ह्या पोरींना दातांचे लफ्ज मराठीतून शिकवा."

मी परभणीच्या एका साप्ताहिकाचा इथला वार्ताहर. पाठशाळेत व्याकरण घोकले, ते हल्ली फक्त जाहिरातींतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला उपयोगी पडते. आणीबाणीत राजकारण लिहायचे नाही म्हटल्यावर वार्ताहराजवळ वृक्षारोपण आणि सत्कार एवढेच उरते. त्यापेक्षा दात बरे. हो म्हणालो.

९ जानेवारी

वर्ग पाहिला. मागच्या खोलीत स्टोव्हवर अवजारे खदखदत होती. उकळी फुटल्यावर वेळ धरायची, आधीची धरायची नाही, हा पहिला धडा. काचेवर दातांचे सिमेंट कालवायचे ते असे, की पातीने उचलले तर तार सुटली पाहिजे. चांदीची भुकटी आणि पारा खलात घोटून दाढेत भरायचा मसाला करायचा. आणि दात उपटायचा चिमटा डॉक्टरांच्या हाती द्यायचा तो रोग्याच्या हनुवटीखालून, त्याला दिसू न देता. हा धडा मला आवडला. वर्तमानपत्रात आम्हीही तेच करतो.

पुसेगावची पारू मेंढ्या राखणाऱ्या घरची. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मेंढराचं वय आमी दातावरूनच सांगताव. दोन दाती, चार दाती."

"मग माझे सांग."

"तुमी बाजाराच्या पल्याड गेले, काका."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, बेताने.

आखाडा बाळापूरची कमल हसली नाही. जिनिंगमधल्या जळबा फिटरची मुलगी, बौद्ध, मॅट्रिक झालेली, रोज एसटीने येते. मी फळ्यावर छेदक, रदनक, चर्वणक असे लिहिले. ती म्हणाली, "दाढ म्हनलं तर दाढेला कळत न्हाई व्हय?"

"शास्त्राला शास्त्राची भाषा असते."

"अन् दुखाया लागलं की मानूस कोनत्या भाषेत वरडतो?"

उद्धट आहे. नंतर तोंडात धरायचा छोटा आरसा तिने मला बघायला दिला, तो मी नळाखाली धुऊन घेतला. आरोग्याच्या दृष्टीने, दुसरे काही नाही. ती बघत होती.

१३ जानेवारी

मुलींचे घोडे अडते ते उजव्या-डाव्यापाशी. रोग्याचा उजवा गाल त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. डॉक्टर "राइट" म्हणाले की निम्म्या एका गालाकडे धावतात, निम्म्या दुसऱ्या. डॉक्टर ओरडतात, रोगी घाबरतो, पारू रडते.

आज मी तोड काढली. खुर्ची पूर्वाभिमुख आहे. पूर्वेकडे तोंड केलेल्या माणसाचा उजवा हात दक्षिणेला येतो. म्हणून तर संस्कृतात उजव्याला दक्षिण म्हणतात. बघणारा कुठेही उभा राहो, दिशा काही हलत नाही. तेव्हा आजपासून उजवी-डावी बंद. दक्षिण आणि उत्तर.

"दक्षिण म्हणजे खिडकीची बाजू," मी खिडकीच्या गजावर छडी वाजवून सांगितले. "उत्तर म्हणजे कपाटाची."

कुणी म्हणून चुकेना! शेतात वाढलेल्या मुली, दिशा त्यांच्या अंगातच असतात. डॉक्टरांनाही शब्द असा आवडला की दिवसभर "दक्षिण, ऊपर की, तिसरी" चालले होते. उजवा म्हणजे दक्षिण, हे त्यांनी लगेच पाठ करून टाकले. कमल काही बोलली नाही. विजय याहून निराळा काय असतो?

२५ जानेवारी

नवी खुर्ची आली. लोखंडी, पायाने दाबून वर-खाली होणारी. शेजारी थुंकायचे भांडे आणि त्याला वाहते पाणी. पाणी जायची मोरी एकाच भिंतीला असल्याने मिस्त्रीने खुर्ची फिरवून पश्चिमेकडे तोंड करून पक्की केली. रोगी आता दारातून रस्ता बघत बसतो. निदान करमणूक होते. नारळ फुटला, खुर्चीला हार घातला. मी बातमी पाठवली, दोन विशेषणे जास्तच घालून.

बाकावर मुंजाजी अडत्या गाल धरून बसला होता. त्याने पारूला विचारले, "ती दुसरी कोनाची पोरगी?" पारूने सांगितले. मुंजाजी उठला. "मंग म्या दुसऱ्या दिवशी येतो."

कमल आतूनच म्हणाली, "दुसऱ्या दिवशीबी मीच हाय. तिसऱ्याबी. तुमचा दात मातर तंवर ऱ्हायचा न्हाई."

हे असले भेद मला पटत नाहीत. मी कमलला बाजूला घेऊन सांगितले की रोग्याशी असे बोलू नये. मुंजाजीला काही सांगितले नाही. तो काही माझ्या वर्गात नाही.

२७ जानेवारी

परवा शेतावर हुरडा खाताना खडा दाढेखाली आला आणि उजव्या बाजूची खालची दाढ, जी गेले वर्षभर कुरकुरत होती, ती उघड शत्रू झाली. दुपारी चारच्या सुमारास दवाखान्यात गेलो. नव्या खुर्चीतला पहिला दात काढण्याचा मान माझा, असे डॉक्टर म्हणाले. आज उभे राहण्याची पाळी कमलची होती. पारूचा हात हलका आहे असे मी सुचवून पाहिले. डॉक्टरांच्या लक्षात आले नाही.

दारातून ऊन थेट डोळ्यांत येत होते, म्हणून डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिले, "दक्षिण, नीचे की, दुसरी," म्हणाले आणि सुई भरायला वळले. जिथे सुई टोचायची तिथल्या हिरडीला आयोडीनचा बोळा लावून ठेवणे हे मदतनिसाचे काम. कमलने लावला. डाव्या बाजूला.

मी "अं" असे म्हणालो.

"भ्या वाटून राहिलं? समद्यांलाच वाटतंय. हलू नका."

सगळा जबडाच ठणकत होता. आणि त्या मुलीपुढे भित्रा ठरण्यापेक्षा शास्त्रावर विश्वास ठेवावा असे वाटले. रोग एकीकडे आणि उपाय दुसरीकडे, असे आयुर्वेदातही असते. डॉक्टर आयोडीनचा तपकिरी डाग पाहून टोचून मोकळे झाले. मग जोर लावला. दाढ ताटलीत पडली तेव्हा खणकन वाजली. किडकी दाढ अशी वाजत नाही.

डॉक्टरांनी ती उचलून उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "इसको भी थोडी कीड होतीच, पंडितजी."

२८ जानेवारी

उजवी दाढ जागेवर आहे आणि ठणकते आहे. डावीकडे खड्डा आहे आणि तोही ठणकतो आहे. माणसाने आपल्या तोंडात दोन देश आणि त्यांचे युद्ध पाळावे, तसे झाले आहे.

डॉक्टर सकाळी येऊन गेले. "मैंने दक्षिण बोला. लडकीने चुकीच्या बाजूला रंगवलं. तुम्ही स्वतःच ऐकलं." ऐकले. दक्षिण म्हणजे उजवी, आणि डॉक्टर स्पष्ट दक्षिण म्हणाले होते. इतका सोपा शब्द, इतका घोटून घेतलेला! शिकवलेले डोक्यात शिरतच नसेल तर त्याला कोण काय करणार?

बातमी लिहिली. 'प्रशिक्षणार्थी मुलीच्या हलगर्जीपणाने निरोगी दात गेला.' मुलीचे नाव आणि गाव दिले. डॉक्टरांचे नाव दिले नाही. गावात दुसरा दंतवैद्य नाही.

७ फेब्रुवारी

पहिल्या पानावर आली. एरवी माझे मजकूर पशुवैद्यकीय शिबिरांच्या खाली छापतात. परंतु सध्या दात हा विषय निर्भयपणे लिहिता येण्यासारखा आहे.

दवाखान्यात कमलला खुर्चीपासून दूर केले. आता ती फक्त अवजारे उकळते. परीक्षेत प्रत्येकीला खऱ्या रोग्याचा दात काढताना उभे राहून दाखवायचे आहे, आणि कमल असेल तर आम्ही बसत नाही, असे बाकावरचे लोक सांगतात. मुंजाजी तर बातमीचे कात्रण खिशात घालूनच फिरतो आणि ज्याला त्याला म्हणतो, "म्या आधीच उठून गेलतो." त्याचे कारण वेगळे होते, हे मला माहीत आहे. पण प्रत्येकाची कारणे तपासत बसणे हे वार्ताहराचे काम नव्हे.

९ फेब्रुवारी

जळबा फिटर घरी आला. उंच माणूस, धुतलेला सदरा, हाताच्या रेषांत ग्रीस. मी ओट्यावरच बोलणार होतो, पण बायकोने, सिंधूने, "आत या ना, भाऊ" म्हणून खुर्ची दिली आणि आमच्याच कपात चहा दिला.  

"पेपरात तुमी पोरीचं नाव लिवलं, गाव लिवलं," तो म्हणाला. "डाक्टरचं काहून न्हाई लिवलं?"

"चूक तिची होती."

"सुई कोन टोचली? दाढ कोन वढली?"

मी म्हणालो, पद्धत समजून घ्या; मदतनीस खूण करते, त्यावर डॉक्टर चालतात.

"पद्धत मला नका सांगू. जिनात म्या पट्टा चुकीचा चढवला अन् मिस्तरीनं बटन दाबलं, तर दोगंबी चुकताव." त्याने चहा संपवून कप खाली ठेवला. "माजी पोरगी चुकली आसंल तर परीक्षेवाल्यापुढं तोंडानं सांगा, म्या तिला घरी नेतो. चुकली नसंल तर त्येबी तोंडानंच सांगा. कागदावर लई मर्द हाव तुमी."

माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून! तो गेल्यावर सिंधूला म्हणालो, "बघितलेस, कसा बोलतो?" ती म्हणाली, "बरोबर बोलला." आणि कप विसळायला गेली.

१२ फेब्रुवारी

उजव्या दाढेने गालाचा पेरू केला आहे. सिंधूने वरणभात कालवून दिला. जेवताना मी पुन्हा एकदा सगळा प्रसंग सांगत होतो. त्यातले अन्यायाचे भाग मला आता पाठ आहेत. ऊन डोळ्यांत येत होते इथपर्यंत आलो आणि तिने हात थांबवला.

"अहो, चार वाजताचं ना?"

"हो."

"मग तुमचं तोंड पश्चिमेला होतं."

"असेल. खुर्ची फिरवली आहे मिस्त्रीने. त्याचे काय?"

"पश्चिमेला तोंड करून बसलात तर खिडकी कुठल्या हाताला?"

मी सांगितले की जेवताना भूगोल नको. पण मग वरणभात गार होईपर्यंत मी पाटावर आधी इकडे, मग तिकडे तोंड करून बसून पाहिले. बायकोने हसू दाबलेले ऐकू येते.

१३ फेब्रुवारी

विचार केला. दक्षिण या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक दिशा, एक उजवा. डॉक्टरांनी उजवा घेतला, तो योग्य. मुलीने दिशा घेतली, तीही, म्हणायचे तर, योग्य. शब्द स्वतः तर निर्दोषच आहे. तो हजारो वर्षे आहे. मग दोष राहिला खुर्चीचा. लोखंडाला कुणी शिक्षा करत नाही, हे त्याचे भाग्य.

हा निष्कर्ष सिंधूला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आणि छडी कुणाची होती?"

१७ फेब्रुवारी

खात्री करावी म्हणून वर्गात गेलो. कमल स्टोव्हपाशी होती, वाफेत. सगळ्यांसमोर विचारले, "दक्षिण म्हणजे काय?"

तिने मान वर केली नाही. "खिडकी."

"उजवी बाजू नव्हे?"

"तुमी छडी खिडकीवर वाजवली व्हती. माज्या उजव्या गालावर न्हाई."

पारू फिसकन हसली. डॉक्टर हातातला आरसा तसाच धरून उभे राहिले. आधी त्यांनी खिडकीकडे पाहिले, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे. "या अल्ला," ते म्हणाले. जैन माणूस, पण निजामाच्या राज्यात वाढलेला. मग खालच्या आवाजात, "पंडितजी, आता परीक्षक आला तर सांगायचं काय? कमल के सामने बैठने को पेशंट भी नाही मिळत. लडकीचं साल जाईल."

डॉक्टरांनी स्वतःच सांगावे, असे मी सुचवले. ते म्हणाले, "मेरा दवाखाना है." मी म्हणालो, माझे साप्ताहिक आहे. दोन सभ्य माणसे अशी एकमेकांकडे बघत उभी राहिली.

कमलने चिमट्याने उकळत्या पाण्यातून अवजारे उचलून फडक्यावर मांडली. सगळी मांडून झाल्यावर म्हणाली, "पेशंट हाय की. गाल सुजलेला."

"मी? तुझ्या हाताखाली?"

"मी तर तुमच्या हाताखाली शिकले. आता तुमची पाळी."

काही न बोलता घरी आलो. असल्या बोलण्याला उत्तर न देणेच योग्य. शिवाय तोंड उघडत नव्हते.

२४ फेब्रुवारी

गेलो. दाढेमुळे गेलो, हे स्पष्ट लिहून ठेवतो. पेनिसिलीन घेऊन सूज उतरली होती, आता काढायलाच हवी असे डॉक्टर म्हणाले. परीक्षेचा दिवस होता, हा योगायोग.

परीक्षक औरंगाबादचे, काळ्या चष्म्याचे, बोलण्यात काटकसरी. बाक भरलेला होता. टोकाला जळबा बसला होता, आणि त्याच्यापासून अंतर ठेवून मुंजाजी. पारूचे आधी झाले. तिने सिमेंट छान कालवले. मग कमलचे नाव पुकारले आणि मी खुर्चीत बसलो. दारातून रस्ता दिसत होता. सगळ्या रस्त्यालाही मी दिसत असणार.

डॉक्टरांनी तोंडात पाहिले. बोलायला गेले, पण कमल मध्येच म्हणाली, "थांबा साहेब. शब्द नगं." आणि मला, "बोट ठेवा."

"काय?"

"जी दाढ काढायची तिच्यावर तुमचं बोट ठेवा. ह्या साहेबांला दिसंल असं."

एका पाठशाळेच्या माणसाने भर दुपारी तोंडात बोट घालून बसावे, आणि बाकावरच्या लोकांनी मान उंच करून बघावे. ठेवले. तिने आरसा घालून माझे बोट पाहिले, दाढ पाहिली, परीक्षकांना दाखवली, मग बोळा लावला. सुई टोचल्यावर सबंध वेळ ती माझ्या चेहऱ्यावर नजर ठेवून होती. चक्कर येते का ते बघायचे असते. त्या नजरेत माया मुळीच नव्हती. चिमटा केव्हा आला, मला दिसलाही नाही. दाढ निघाली. या वेळी खणकन वाजली नाही. फुटलेल्या चिंचोक्यासारखी पडली. कमलने खड्ड्यावर कापूस ठेवून दाबला.

परीक्षक कागदांवरून नजर वर करून म्हणाले, "वर्तमानपत्रात आलेली ती मुलगी हीच ना? चुकीचा दात?"

डॉक्टर छताकडे बघू लागले. जळबा उभा राहिला. परीक्षकांनी लेखणी कागदावर टेकवून ठेवली होती, पुढे काय लिहायचे ते ठरायचे होते. उत्तर देण्याजोगा माणूस खोलीत मी एकटाच, आणि माझ्या तोंडात कापूस. मला त्याचा मोठा आधार वाटला.

कमलने चिमट्याने कापूस काढून घेतला.

"बोला आता."

मी सुरुवात केली. दक्षिण हा शब्द मुळात, असे म्हणणार होतो. पण अर्धी जीभ बधिर होती. 'क्ष' काही केल्या उमटेना. तिथे एक ओला फुसकारा तेवढा निघाला. बाकावर कुणीतरी हसले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. ज्याच्यात जोडाक्षर नाही असे काही बोलण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

"चूक माझी," मी म्हणालो.

"काय?" परीक्षक.

"माझी चूक. हिची नाही. मी शिकवले तसे तिने केले."

हनुवटीवरून रक्त ओघळत होते. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले, डॉक्टरांकडे पाहिले, आणि लेखणी चालू लागली. जळबा बसला नाही, पण त्याने खांदे सोडले. मुंजाजी उठून टोपी घालून निघून गेला. त्याचे कारण माझ्या बोलण्याने बदलणार नव्हते. मला आणखीही सांगायचे होते, काही खुलासा, काही संदर्भ, आणि त्यासाठी मी तोंड उघडलेही.

कमलने त्यात नवा कापूस बसवला आणि दोन बोटांनी माझी हनुवटी वर ढकलून जबडा मिटला.

"चावून धरा," ती म्हणाली. "बोलायचं न्हाई आता. अन् उद्यापतोर चूळबी भरायची न्हाई."